आधाराच्या जागी

शटडाउनचा तिसरा दिवस. वाळूज.
परांचीच्या पाचव्या टप्प्यावर
मी, ताहेर मिस्त्री आणि बदनापूरचा गंगाधर,
ज्याला उंचीची भीती वाटते पण तो सांगत नाही,
नुसता कंबरेचा पट्टा पुन्हा पुन्हा ओढून बघतो.

चार इंची लाइन. आत कंडेन्सेट, नव्वद अंशांवर.
बाहेरून झिरपलेलं पाणी लगेच उडून जावं
इतकी ती तापट नाही,
आणि लोखंड निवांत झोपावं इतकी गारही नाही.
गंज याच मधल्या उबेत
अंडी घालतो.

वरचा पत्रा मात्र लखलखीत,
पाहुण्यांसमोर मांडलेल्या तांब्यासारखा.
गंगाधर म्हणाला,
"चांगलं तर हाय मॅडम, कामून उघडायल्या?"
म्हटलं, मधे नको उघडू.
जिथे टेकू आहे तिथे उघड.

रिवेट तुटले. पत्रा कुरकुरला.
आतली ग्लासवूल भिजल्या गोधडीसारखी जड.
गंगाधरनं पिळली
तर हेल्मेटच्या तळाशी वाटीभर पाणी.

माझ्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो,
तोही रात्री अडीचला,
सगळी गल्ली पातेली घेऊन जागी.
इथे पाणी वर्षानुवर्षं मुक्कामाला होतं
आणि त्याच्यासाठी कुणी भांडलंही नव्हतं.

क्लॅम्पनं पाइपला मिठी मारलेली,
तिचा पाय पत्रा फोडून बाहेर, बीमवर.
वजन पेललं होतं तिनं, खोटं कशाला बोलू.
पण पाय जिथून बाहेर आला
त्याच फटीतून पाणी आत आलं.
खाली पोपडे, मुरमाच्या रंगाचे,
खारीसारखे पदर सुटलेले.
लोखंड संपता संपता फुगतं,
बघणाऱ्याला वाटतं, अंग भरलंय.

घासलं. जेली लावली. प्रोब ठेवला.
हातभर लांब: सहा पॉइंट शून्य.
क्लॅम्पखाली: दोन पॉइंट एक.
पुन्हा ठेवला.
दोन पॉइंट शून्य.

ताहेर मिस्त्री तेव्हापासून गप्प.
उतरवलेला पत्रा त्यांनी उलटा करून उन्हात धरला.
फटीच्या कडेला जुनं सीलंट,
वाळून तडकलेलं,
आणि त्यात एक अंगठा उमटलेला.
त्यांनी स्वतःचा अंगठा त्यावर ठेवला.
बसला.

"अकरा साल हुए," ते म्हणाले.
"दिवाळीच्या आधी लाइन चालू पाहिजे होती.
कातरीनं कापला पत्रा, सीलंट चोपडलं,
खाली उतरून चहा प्यालो."
मग बराच वेळ नुसता
खालच्या पंपाचा आवाज.

दुपारी नवा तुकडा चढला.
दोन हात रंग, कोपऱ्यांना तिसरा.
मग कडक ठोकळ्याचे दोन अर्धगोल, भार सोसतील असे,
त्यांच्यावरून अखंड पत्रा,
आणि खोगीर पत्र्याच्या बाहेरून.
जोड खालच्या अंगाला, पन्हाळीसारखा उतरता.
बुडाशी एक बारीक भोक ठेवलं,
कारण कितीही झाकलं तरी पाणी येणार,
आलंच तर त्याला जायला वाट असावी.

"म्हंजी पाइपाला आता हात कुणाचाच न्हाई?"
गंगाधरनं विचारलं. पट्टा तपासायचं तो विसरला होता.
"वजन घ्यायचं, बेटा," मिस्त्री म्हणाले,
"चमडी नाही फाडायची."

शेवटच्या जोडावर त्यांनी सीलंट ओढलं.
पुसायला फडकं दिलं मी, त्यांनी घेतलं नाही.
अंगठा फिरवला, सावकाश,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
"तारीख टाका," म्हणाले.

कार्डावर मी लिहिलं: आधाराच्या जागी
पत्रा उघडून पुन्हा पाहणे.
पुढे वर्षाचा रकाना असतो,
एरवी आम्ही तो कोराच सोडतो.
आज भरला.